छातीतलं यंत्र कुणाकुणाशी बोलतं? वायरलेस पेसमेकर, आयसीडी आणि आपलं खासगीपण

सासऱ्यांना, म्हणजे आमच्या अण्णांना, पेसमेकर बसवून घरी आणलं त्याच दिवशी पलंगाशेजारच्या टेबलावर एक पांढरी पेटी आली. जुन्या टेलिफोनएवढी, वर एक हिरवा दिवा. रात्री दोनला अण्णा पाणी प्यायला उठले तर दिवा लुकलुकत होता. सकाळी चहा घेताना मला म्हणाले, "अगं, हे रात्री कुणाला काय सांगत होतं?" मला उत्तर देता येईना. दुसऱ्या रात्री त्यांनी पेटीवर नॅपकिन टाकला. रेडिओलहरींना नॅपकिनचं काय! पण प्रश्न रास्त होता. ज्याच्या छातीत यंत्र आहे त्यालाच ते यंत्र कुणाशी बोलतं हे माहीत नसावं, हे काही बरं नाही.

तेव्हापासून प्रत्येक तपासणीला अण्णांसोबत जाताना, बारीक अक्षरातले कागद वाचताना आणि कधी डॉक्टरांचं डोकं खाऊन जे कळत गेलं, ते इथे क्रमाने मांडते. मी डॉक्टर नाही. यंत्राच्या सेटिंगबद्दलचा निर्णय तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांचाच. पण माहिती कुठे जाते, कोण बघतं आणि आपण काय विचारू शकतो, हे आपल्या हातात आहे.

सुरुवातीलाच : प्लग काढू नका

खासगीपणाची काळजी वाटली की पहिला हात प्लगकडे जातो. तो आवरा. यंत्रातून हृदयात गेलेली तार, म्हणजे लीड, खराब व्हायला लागली, बॅटरी अपेक्षेआधी उतरू लागली किंवा रुग्णाला जाणवतही नाही असं एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित धडधड, सुरू झालं, तर या पेटीमुळे, म्हणजे घरच्या मॉनिटरमुळे, ते पुढच्या तपासणीपर्यंत लपून राहत नाही. हे शेवटचं तर फार महत्त्वाचं, कारण त्यातून पक्षाघाताचा धोका वाढतो. २०१५ मध्ये हार्ट ऱ्हिदम सोसायटी या हृदयाच्या ठोक्यांवर काम करणाऱ्या संस्थेच्या तज्ज्ञांनी अशा घरबसल्या देखरेखीची ठाम शिफारस केली ती यासाठीच.

आणखी एक गोष्ट मला पटली. मार्च २०१९ मध्ये एफडीएने, म्हणजे अमेरिकेच्या औषधं आणि वैद्यकीय यंत्रांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, मेडट्रॉनिक या कंपनीच्या काही आयसीडींच्या (ठोके धोकादायक बिघडले की झटका देऊन ते ताळ्यावर आणणारं, छातीत बसवायचं यंत्र) रेडिओ-संवादाला ना कुलूप ना ओळख-तपासणी, अशी जाहीर सूचना काढली. त्याच सूचनेत रुग्णांना सांगितलं होतं की घरचा मॉनिटर चालूच ठेवा. ज्यांनी दोष दाखवला त्यांनीच फायदा जास्त आहे असं म्हटलं.

मात्र मॉनिटर म्हणजे रुग्णवाहिका नव्हे. रात्री दोनला गेलेली नोंद दवाखान्यात कुणी रात्री दोनला बघत बसलेलं नसतं. छातीत दुखलं, शुद्ध हरपली, आयसीडीने झटके दिले, तर पेटी काय करेल याची वाट न पाहता थेट मदत मागवायची.

पायरी १ : आपल्या यंत्राची नीट ओळख करून घ्या

डिस्चार्जच्या वेळी पाकिटात मावेल असं एक डिव्हाइस कार्ड मिळतं. त्यावर कंपनी, मॉडेल, सीरियल नंबर, बसवल्याची तारीख आणि लीडचे नंबर असतात. हे सगळं एका वहीत उतरवून ठेवा. यंत्र वायरलेस आहे की नाही, हे मात्र सहसा कार्डावरून कळत नाही. ते मॉडेल नंबरावरून शोधावं लागतं. कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलची रुग्ण-पुस्तिका मिळते, नाहीतर पुढच्या तपासणीत सरळ विचारा.

नॉर्वेच्या सायबर सुरक्षा संशोधक मारी मू यांना २०११ मध्ये पेसमेकर बसला. त्यांचा पेशाच संगणकाच्या सुरक्षेचा. तरीही आपल्या यंत्रात बिनतारी संवादाच्या दोन वाटा आहेत, हे त्यांना नंतर तांत्रिक पुस्तिका मिळवून वाचल्यावर कळलं. तेव्हा आपल्याला ठाऊक नसेल तर लाजायचं कारण नाही.

यंत्र बोलतं ते साधारण तीन प्रकारे. सगळ्यात जुना प्रकार म्हणजे तपासणीच्या वेळी छातीवर ठेवतात ती कांडी. तिची पोच जेमतेम काही सेंटिमीटर. दुसरा प्रकार दूरच्या रेडिओचा. त्यासाठी वैद्यकीय यंत्रांना ४०२ ते ४०५ मेगाहर्ट्झची पट्टी राखून ठेवलेली आहे आणि त्यावर यंत्र खोलीतल्या खोलीत, दोन-तीन मीटरवरच्या पेटीशी बोलतं. तिसरा प्रकार नवा : ब्लूटूथ. इथे पेटीची जागा तुमच्या मोबाइलमधलं ॲप घेतं. कातडीखाली बसवायच्या, फक्त ठोके नोंदवणाऱ्या छोट्या लूप रेकॉर्डरमध्येही आता ही सोय असते, आणि लोक त्याला 'यंत्र' म्हणून मोजतच नाहीत. मोजा.

तुमचं यंत्र फक्त कांडीवर चालणारं असेल, तर पेटी आणि ॲपची पायरी सरळ सोडून द्या. कागदातल्या गळतीची आणि शेवटची मात्र वाचा.

पायरी २ : माहितीची वाट कागदावर काढा

एक कोरा कागद घ्या आणि ओळीने पाच चौकोन काढा : छातीतलं यंत्र, घरातली पेटी किंवा मोबाइल, कंपनीचा सर्व्हर, दवाखाना, आणि शेवटी घरचे लोक. प्रत्येक चौकोनाखाली लिहा की इथे माहिती किती दिवस राहते आणि कोण उघडून बघू शकतं. पहिल्या दिवशी निम्म्या जागा कोऱ्या राहतील. त्या कोऱ्या जागा हीच पुढच्या तपासणीच्या प्रश्नांची यादी.

आता यंत्रात असतं काय? अण्णांना वाटायचं, ठोके. ठोके तर असतातच. पण यंत्रात रुग्णाचं नाव, जन्मतारीख, आजाराचं कारण, डॉक्टरांचं नाव अशा गोष्टीही भरून ठेवता येतात. त्यात हृदयाची गती किती वेळ किती होती त्याचे तक्ते, ठोका चुकला त्या क्षणाचा विद्युत-आलेख तारीखवेळेसकट, झटका दिला असेल तर त्याची नोंद, बॅटरी आणि लीडची अवस्था. काही आयसीडी छातीत पाणी साठतंय का याचाही अंदाज ठेवतात.

मला सगळ्यात चकित केलं ते हालचालीच्या नोंदीने. चालताना ठोके वाढवता यावेत म्हणून बऱ्याच पेसमेकरमध्ये हालचाल ओळखणारा सेन्सर असतो. त्याचं उप-उत्पादन म्हणजे रोज किती तास माणूस सक्रिय होता याचा आलेख. एका तपासणीत स्क्रीनवर तो आलेख आला. मार्चमधले तीन आठवडे रेषा जमिनीला टेकलेली. तंत्रज्ञाने सहज विचारलं, "आजोबा, तेव्हा आजारी होतात का?" अण्णा गप्प. त्यांचे मित्र गेले होते त्या दिवसांत आणि ते घराबाहेर पडलेच नव्हते. आम्हालाही हे इतकं लक्षात आलं नव्हतं. यंत्राच्या लक्षात होतं.

झोप केव्हा, जाग केव्हा, धाप कधी लागली, मध्यरात्री हृदय कशाने धावलं, यातलं बरंच काही हुशार माणूस त्या आकड्यांवरून ताडू शकतो. आणि हे केवळ तर्काने म्हणत नाही. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या मिडलटाउन इथे सप्टेंबर २०१६ मध्ये एक घर जळालं. घरमालकाच्या जबाबावर पोलिसांना संशय आला, तेव्हा त्यांनी न्यायालयाचं वॉरंट घेऊन त्याच्या पेसमेकरमधल्या नोंदी मिळवल्या. त्याने सांगितलेली धावपळ त्याच्या ठोक्यांशी जुळत नाही, असं मत हृदयरोगतज्ज्ञाने दिलं आणि २०१७ मध्ये न्यायाधीशांनी तो पुरावा चालेल असा निर्णय दिला. तो माणूस दोषी होता की नव्हता हा इथे मुद्दा नाही. जीव वाचवायला बसवलेलं यंत्र साक्षीदार होऊ शकतं, हा आहे.

पायरी ३ : सही करण्याआधी विचारायचे प्रश्न

दूरदेखरेख सुरू करताना संमतिपत्रावर सही घेतात. बहुतेक वेळा ती ऑपरेशनच्या कागदांच्या गठ्ठ्यात असते आणि घरच्यांपैकी कुणीतरी घाईत करतं. आमच्याकडे ती माझ्या दिराने केली होती आणि कशावर केली हे त्याला आजही सांगता येत नाही. सही झाली असली तरी प्रत मागता येते. ती मागून घ्या आणि त्यात दोन गोष्टी वेगळ्या करून वाचा : उपचारासाठी लागणारी परवानगी आणि संशोधन, उत्पादन-सुधारणा किंवा जाहिरात-संपर्कासाठीची परवानगी. पहिली नाकारली तर देखरेखच होणार नाही. दुसरी नाकारूनही उपचार चालू राहायला हवेत. नाकारली तर काय बंद होतं, हे स्पष्ट विचारा.

प्रश्न साध्या भाषेत विचारले की उत्तरंही साधी मिळतात. मी विचारलेले हे :

"या नोंदी कोणत्या कंपनीच्या सर्व्हरवर राहतात, आणि तो कोणत्या देशात आहे?"
"नावासकट जातात की नुसत्या नंबरावर?"
"दवाखान्यात नोंदी कोण बघतं? तुम्ही, की दुसरी एखादी संस्था तुमच्यासाठी बघते?"
"धोक्याचा इशारा आला तर किती वेळात बघितला जातो? सुट्टीच्या दिवशी?"
"मी देखरेख थांबवली तर जुन्या नोंदी पुसता की ठेवता?"

तिसरा प्रश्न वगळू नका. दूरनोंदी तपासून डॉक्टरांना गोषवारा पाठवणं हे काही ठिकाणी बाहेरच्या संस्थेला दिलेलं असतं. त्यात गैर काही नाही, पण तुमच्या कागदावरचा तो सहावा चौकोन आहे.

आणि कंपनीचा माणूस. यंत्र बसवताना आणि पुष्कळदा तपासणीलाही यंत्राच्या कंपनीचा तंत्रज्ञ हजर असतो. रुग्णाला तो दवाखान्याचाच वाटतो. माणसं सहसा चांगली आणि कामात तरबेज असतात. तरी "आपण दवाखान्याचे की कंपनीचे?" एवढं विचारायला हरकत नाही, आणि ज्या घरगुती गोष्टी फक्त डॉक्टरांना सांगायच्या आहेत त्या त्यांच्याशी एकांतात बोलाव्यात.

पायरी ४ : पेटी आणि ॲप

पेटी असेल तर काम थोडं. ती पलंगाजवळ, कंपनीने सांगितलेल्या अंतरात ठेवा, कारण बहुतेक मॉनिटर माणूस झोपेत असताना आपोआप नोंदी ओढतात. पेटीमागच्या स्टिकरचा फोटो कुणाला पाठवू नका. पेटी वायफायवर चालत असेल तर घरच्या राउटरचा मूळ पासवर्ड बदला आणि पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क ठेवा. स्वतःच्या सिमकार्डवर चालत असेल तर हेही नको. नॅपकिन टाकला तरी चालतो. आमच्याकडे अजून असतो, डोळ्यांवर उजेड येतो म्हणून.

ॲप असेल तर मात्र जरा बसून काम करावं लागतं. पहिला निर्णय, ॲप कुणाच्या फोनवर? घरातला तरुण मुलगा म्हणतो, "माझ्या फोनवर टाकतो, आजोबांना जमणार नाही." हे दोन अर्थांनी चुकीचं. मुलगा बाहेर गेला की यंत्राला बोलायला कुणी उरत नाही, आणि आजोबांच्या हृदयाचा हिशेब नातवाच्या खिशात राहतो. फोन रुग्णाचाच हवा. त्याला स्क्रीनलॉक हवा. खातं रुग्णाच्या नावाच्या ईमेलवर हवं, घरभर सगळ्यांना पासवर्ड ठाऊक असलेल्या सामाईक ईमेलवर नको.

मग परवानग्या. ॲपला ब्लूटूथ, इंटरनेट आणि पार्श्वभूमीत चालत राहण्याची मुभा लागतेच. बॅटरी वाचवण्यासाठी फोन ॲपला झोपवतो, ते बंद करा, नाहीतर दवाखान्यातून फोन येतो की आठवडाभर नोंद नाही. अँड्रॉइड ६ ते ११ या आवृत्त्यांत ब्लूटूथने आसपासचं उपकरण शोधायलाही लोकेशनची परवानगी द्यावी लागते. ॲप लोकेशन मागतंय म्हणून लगेच घाबरायचं कारण नाही. अँड्रॉइड १२ पासून 'जवळची उपकरणं' अशी वेगळी परवानगी आली. फोन नवा असेल आणि तरीही ॲप लोकेशन मागत असेल, तर का ते विचारा. कॉन्टॅक्ट, फोटो, मायक्रोफोन यांचं काम नाही. आरोग्याच्या दुसऱ्या ॲपशी किंवा घड्याळाशी 'जोडा' असा पर्याय दिसला तर नाही म्हणा, कारण तिथून पुढे वाट कुठे जाते ते तुमच्या कागदावर मावणार नाही.

लॉक-स्क्रीनवर सूचनेचा मजकूर दिसणार नाही असं सेटिंग करा. टेबलावर पडलेल्या फोनवर 'तुमच्या हृदययंत्राची नोंद पाठवता आली नाही' हे चमकलं की बैठकीतल्या सगळ्यांना कळतं. अण्णांना याचाच सर्वांत जास्त राग यायचा. हॅकरचा नाही.

पायरी ५ : हॅकरची भीती, तिच्या मापाने

ही भीती कुठून आली ते थोडं सांगते, कारण व्हॉट्सॲपवर तिचं भूत करून फिरवतात.

२००८ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठ, मॅसॅच्युसेट्स विद्यापीठ आणि बोस्टनच्या बेथ इस्रायल डीकनेस रुग्णालयाशी संबंधित संशोधकांनी प्रयोगशाळेत एका आयसीडीचा रेडिओ-संवाद ऐकला. रुग्णाचं नाव, आजार वगैरे माहिती कुठल्याही कुलपाविना जात होती. त्यांना यंत्राचे आदेश बदलता आले, झटकाही देववता आला. यंत्र टेबलावर होतं, कुणाच्या छातीत नव्हतं, आणि अंतर काही सेंटिमीटर होतं. अमेरिकेचे माजी उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांनी २०१३ मध्ये मुलाखतीत सांगितलं की त्यांच्या २००७ सालच्या यंत्राची बिनतारी सोय डॉक्टरांनी बंद करून घेतली होती. त्यांना शत्रू होते, तेव्हा त्यांचा हिशेब वेगळा. ऑगस्ट २०१७ मध्ये अॅबट कंपनीच्या, पूर्वी सेंट ज्यूड कंपनीच्या, पेसमेकरसाठी सुरक्षा-अपडेट आलं. एकट्या अमेरिकेत सुमारे ४ लाख ६५ हजार यंत्रांना ते लागू होतं.

रुग्णाने लक्षात ठेवायचं ते असं. अॅबट आणि मेडट्रॉनिक या दोन्ही प्रकरणांत, त्या दोषामुळे कुणा रुग्णाला इजा झाल्याची माहिती आपल्याकडे नाही, असं एफडीएने तेव्हा नोंदवलं. आणि अॅबटच्या वेळी एफडीएने यंत्र काढून नवं बसवण्याचा सल्ला दिला नाही. ऑपरेशनचा धोका हॅकरपेक्षा खरा असतो.

अपडेटची वेळ तुमच्यावर आली तर? २०१७ चं उदाहरण माहितीचं आहे. ते अपडेट घरून होत नव्हतं, दवाखान्यात जावं लागे. वेळ सुमारे ३ मिनिटं. तेवढा वेळ यंत्र राखीव पद्धतीने, मिनिटाला ६७ ठोक्यांवर चाले आणि मग पुन्हा मूळ सेटिंगवर येई. कंपनीच्या आधीच्या अनुभवानुसार यंत्र पूर्ण निकामी होण्याचं प्रमाण ०.००३ टक्के सांगितलं होतं. आकडा लहान, पण ज्याचं हृदय पूर्णपणे पेसमेकरच्याच आधाराने चालतं त्याने तो डॉक्टरांशी बोलून मगच ठरवायचा. म्हणून विचारा : "मी यंत्रावर किती अवलंबून आहे? अपडेटच्या वेळी काही बिघडलं तर लगेच तात्पुरता पेसमेकर लावायची सोय इथे आहे का? अपडेटनंतर माझी सगळी सेटिंग पुन्हा तपासून छापील प्रत द्याल का?" छापील प्रत अपडेटच्या आधीचीही घ्या. दोन कागद शेजारी ठेवून आकडे जुळवायला पाच मिनिटं लागतात.

"तुमच्या पेसमेकरचं अपडेट बाकी आहे, ही लिंक दाबा, ओटीपी सांगा" असा फोन किंवा निरोप आला तर तो खोटा समजून ठेवून द्या आणि कार्डावर छापलेल्या नंबरावर स्वतः फोन करा.

मोबाइल छातीपासून १५ सेंटिमीटर लांब ठेवा, हा सल्ला वेगळा आहे. तो फोनमधल्या चुंबकाचा यंत्रावर परिणाम होऊ नये म्हणून, हेरगिरीसाठी नव्हे. शर्टाचा खिसा टाळा, एवढंच.

पायरी ६ : खरी गळती कागदातून

एवढी वर्षं पाहून माझं मत झालंय की रेडिओतून जेवढी माहिती गळत नाही तेवढी घरातून गळते. अण्णांचं ऑपरेशन झालं त्या संध्याकाळी नातेवाइकांच्या चाळीस जणांच्या ग्रुपवर डिव्हाइस कार्डाचा फोटो पडला होता, 'देवाच्या कृपेने सर्व ठीक' अशा ओळीसकट. नाव, सीरियल नंबर, दवाखाना, डॉक्टर, सगळं एका फोटोत. टाकणाऱ्याच्या मनात फक्त आनंद होता. फोटो मागे घेतला, पण तोवर किती फोनांत उतरला असेल कोण जाणे.

तेव्हा कार्डाचा फोटो ग्रुपवर नाही. रिपोर्टची पीडीएफ कुणाला दाखवायचीच असेल तर नाव, जन्मतारीख आणि सीरियल नंबर झाकून. झेरॉक्सवाल्याच्या मेलवर रिपोर्ट पाठवून प्रिंट काढत असाल तर काम झाल्यावर ती फाइल त्याच्या संगणकावरून समोर उभं राहून पुसून घ्या. विम्याच्या अर्जात खरं तेच लिहा, मागितलं तेवढंच द्या. 'पेसमेकर आहे' हे विचारलं असेल तर सांगायचं, वर्षभराचे ठोक्यांचे आलेख कुणी मागितल्याशिवाय जोडायचे नाहीत, आणि मागितले तर कशासाठी ते लेखी घ्यायचं. नोकरीच्या ठिकाणी वेल्डिंग किंवा मोठ्या विद्युतयंत्रांजवळ काम असेल तर सांगणं सुरक्षेसाठी आवश्यकच. तिथे डॉक्टरांचं 'या कामापासून दूर ठेवावे' असं दोन ओळींचं पत्र पुरतं. विमानतळावर कार्ड दाखवलं की झालं, आजार समजावत बसायची गरज नाही.

दवाखान्यातसुद्धा बघा. तपासणीचा प्रोग्रॅमर, म्हणजे यंत्राच्या नोंदी वाचायचा आणि सेटिंग बदलायचा संगणक, हा मोठ्या स्क्रीनचा असतो आणि तो नेमका दाराकडे तोंड करून ठेवलेला असतो. "जरा पडदा ओढता का?" हे आता अण्णा स्वतः म्हणतात.

पायरी ७ : आपली नोंद आपल्याकडे मागा

गमतीचा भाग असा की ज्या नोंदी कंपनीला दिसतात, दवाखान्याला दिसतात, त्या रुग्णालाच सहजी दिसत नाहीत. अमेरिकेत ह्यूगो कँपोस या आयसीडी असलेल्या रुग्णाने आपल्याच छातीतला डेटा आपल्याला मिळावा म्हणून वर्षानुवर्षं जाहीर आवाज उठवला. २०१५ मध्ये तिथल्या कॉपीराइट कायद्यात आपल्या शरीरातल्या यंत्राच्या नोंदी रुग्णाला वाचता याव्यात यासाठी सूट मिळाली. आपल्याच हृदयाच्या ठोक्यांसाठी कॉपीराइट कायद्यात सूट मागावी लागते, यावर काय बोलावं!

युरोपात २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्यामध्ये आरोग्याच्या माहितीला विशेष संरक्षण आहे आणि आपली माहिती मागितली तर साधारण एका महिन्यात उत्तर द्यावं लागतं. अमेरिकेत हिपा या आरोग्य-माहितीच्या कायद्याखाली दवाखान्याला ३० दिवसांची मुदत असते. इतरत्र त्या त्या देशाचा कायदा पाहावा लागेल, पण लेखी अर्ज करायला कुठेच बंदी नाही. अण्णांनी केलेला अर्ज एवढाच होता :

"माझ्या पेसमेकरच्या आजच्या तपासणीचा पूर्ण अहवाल, केवळ गोषवारा नव्हे, पीडीएफ किंवा छापील स्वरूपात द्यावा. मागील एका वर्षात घरच्या मॉनिटरवरून आलेल्या नोंदींचे अहवालही द्यावेत. माझी माहिती कोणकोणत्या संस्थांना दिली जाते, ते लेखी कळवावे."

पहिल्यांदा काउंटरवर "असं देत नाही" म्हणाले. अर्जाच्या प्रतीवर पोच मागितली, तेव्हा आत विचारायला गेले आणि पंधरा पानं हातात आली. त्यातली तीन आम्हाला कळली. बाकीची फाइलमध्ये आहेत. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायची वेळ आली तेव्हा तीच पानं कामाला आली.

पायरी ८ : दवाखाना बदलताना, यंत्र बदलताना, आणि माणूस गेल्यावर

दवाखाना बदलला तर जुन्या दवाखान्याच्या यादीतून नाव काढून नव्याकडे वर्ग करायला सांगा. हे आपोआप होतंच असं नाही. झालं नाही तर जुन्या ठिकाणी नोंदी जात राहतात आणि नव्यांना वाटतं, पेशंटची पेटी बंद आहे.

बॅटरी संपून यंत्र बदललं तर जुन्याचं काय करणार ते ऑपरेशनआधीच विचारा. ते तपासणीसाठी कंपनीकडे परत जाऊ शकतं. आतल्या नोंदी त्यासोबत जातात. यंत्र पुनर्वापरासाठी दान देत असाल तर नोंदी पुसतात का, हे लिहून घ्या. ही काळजी उगीच नाही. २०१७ मध्ये व्हाइटस्कोप या संस्थेच्या संशोधकांनी ऑनलाइन बाजारातून जुने पेसमेकर-प्रोग्रॅमर विकत घेतले. सॉफ्टवेअरमधल्या दोषांची मोजदाद ८ हजारांच्या पुढे गेली ती गोष्ट वेगळीच, पण एका प्रोग्रॅमरमध्ये खऱ्या रुग्णांची माहिती कुलपाविना तशीच पडलेली सापडली. तिथे हवेतून कुणी काही चोरलं नव्हतं, भंगारात निघालेलं यंत्र कुणी पुसलं नव्हतं.

माणूस गेल्यावर दहन करायचं असेल तर कातडीखालचा पेसमेकर आधी काढावाच लागतो, उष्णतेने त्याची बॅटरी फुटते. त्या घाईत यंत्र कुणाच्या हाती गेलं हे कुणी बघत नाही. घरातल्या एकाने तेवढं लक्ष ठेवावं आणि ते दवाखान्याला परत दिलं तर पोच घ्यावी. मग पेटी. ती परत करण्याआधी तिच्यावरचं नावाचं लेबल काढा. ॲप असेल तर आधी त्यातलं खातं बंद करा, मग ॲप काढा, मग फोन रीसेट करा, याच क्रमाने. आणि दवाखान्याला दूरदेखरेखीची नोंद बंद केल्याचं तारखेसकट लिहून द्यायला सांगा. हे राहून गेलं तर तेराव्याच्या आसपास एखाद्या सकाळी फोन वाजतो आणि पलीकडून कुणी तरी नम्रपणे विचारतं, "तुमचा मॉनिटर बंद दिसतोय, पेशंट ठीक आहेत ना?"